बाभळीकडचा कोपरा

ओळखीच्या माणसाचा मला भरवसा नाही, म्हणून हे तुम्हाला सांगतोय. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — आणि तेच बरं. माझ्या घरात हे कुणाला माहीत नाही. बायको गेली, तिलाही माहीत नव्हतं. एकदा तिला सांगायला म्हणून तोंड उघडलं होतं. ती स्टोव्हला पिन मारत बसली होती. तिनं मान वर करून बघितलं, आणि मी म्हणालो, "रॉकेल संपलंय का गं?" झालं. माझं धाडस तेवढंच.

आता तुम्ही मनात म्हणाल, म्हाताऱ्यानं कुणाचं काहीतरी लाटलं असणार. नाही हो. खून नाही, बाईचं लफडं नाही. फुटबॉलचं आहे. — हसलात ना? बघा, हसलात. तुम्ही मला दिसत नाही म्हणून काय झालं! हसा. पण शेवटपर्यंत बसा.

अंबरनाथात जुन्या माणसांपुढे 'वालधुनी संघ' म्हटलं की ते माझ्याकडे बोट दाखवतात. वसंतरावांना विचारा, त्यांना सगळं पाठ आहे. आहेच पाठ. किती वर्षं तेच तेच सांगतोय! स्वातंत्र्याच्या आगेमागे पलीकडची मिलिटरीची छावणी रिकामी झाली, शिपाई गेले, आणि त्यांच्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं भरली. पुढे त्याचं उल्हासनगर झालं, पण आमच्या तोंडी तेव्हाही कॅम्प आणि आजही कॅम्पच. शिपायांनी मागे टाकलेल्या भंगारात एक फुटबॉल होता. कातडं उसवलेलं, आत ब्लॅडर नाही. आमच्या कारखान्याचे स्टोअरकीपर — बापू म्हणायचो आम्ही त्यांना — त्यांनी तो कबाड्याकडून उचलला, ब्लॅडर घालून शिवून घेतला, आणि संध्याकाळी पाळी सुटल्यावर शिवमंदिराच्या अलीकडच्या माळावर आणून टाकला. संघाचा जन्म हा असा. बापूच कॅप्टन, बापूच सेक्रेटरी, आणि पंच आला नाही तर बापूच पंच.

बनियनी निळीत बुडवून आम्ही जर्सी केल्या होत्या. घाम आला की नीळ अंगावर उतरायची. आठवडाभर छाती निळी, आणि घरोघरी आयांची तोंडं सुटलेली! अर्धा संघ कारखान्याचा, म्हणजे माझ्यासारखी कारकुनांची, फोरमनची पोरं. माझे वडील फोरमन होते, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. उरलेला अर्धा संघ गावचा. जवळच्या जांभूळ गावचा धर्मा त्यातला. घरची भातशेती, एका काकाचं खाडीकडे मिठागर. आठवीत शाळा सोडलेली. पण उजव्या अंगाने चेंडू घेऊन सुटला की मागे धूळ तेवढी दिसायची. तो धावताना बघायलाच माणसं यायची, खोटं कशाला बोलू. आमची धूळ बघायला कोण येणार?

आणि आम्ही संशयी होतो. बाप रे, काय संशयी! कुळगावच्या संघात एखादा उंच पोरगा दिसला की आम्ही म्हणायचो, हा कल्याणहून भाड्याने आणलाय. पंच मराठी असला तर तो त्यांचा मेहुणा, मराठी नसला तर त्याला चहा पाजलेला. ते तरी कुठे कमी होते? चेंडू आमचा म्हणून तो दाबून बघायचे, वास घ्यायचे. एकदा बदलापूरच्या मॅचला आमच्या गोलच्या खांबाशी टाचण्या टोचलेलं लिंबू सापडलं. करणी! आमचा गोली उभा राहायला तयार होईना. त्यांनी शपथा घातल्या, आम्ही आयमाय काढली, मॅच राहिली बाजूला.

त्या लिंबापासून एक रीत पडली. मॅचच्या आधी दोन्ही संघांचा एकेक माणूस मिळून सगळं मैदान चालायचा. अनवाणी चालायचा, कारण खेळणारे सगळेच अनवाणी. बूट कुणाकडे होते? बाभळीचा काटा, भाताचा खुंट, खडा, जे काही असेल ते आधी या दोघांच्या तळव्याला लागलं पाहिजे. आणि चालायचं कसं? एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. लांबून बघणाऱ्याला वाटावं, वा, काय दोस्ती! दोस्ती कसली डोंबलाची. एक हात दुसऱ्याच्या खांद्यावर अडकला की त्या हाताने खाली काही टाकता येत नाही. आणि दुसरा हात बोटं पसरून, सगळ्यांना दिसेल असा. फिरून दोघं मध्यावर आले की आपापल्या कॅप्टनला सांगायचे, "सगळं चाललो." मग शिट्टी. त्या एवढ्याशा शब्दावर बावीस जण खाली न बघता धावायचे. संशयातून निघालेली रीत, पण चांगली होती. मी तर म्हणेन आमच्या संघाने या भागाला दिलेली चांगली गोष्ट ती एकच.

कॅम्पातही संघ झाला. तिथला ताहिल — माझ्याच वयाचा, किडकिडीत, कराचीला शाळेच्या संघात खेळून आलेला. आई आणि काका, बस्स, एवढंच घर. काका हातगाडीवर गोटीचा सोडा विकायचा, ताहिल बाटल्या धुवायचा आणि सकाळभर नोकरी शोधत फिरायचा. चेंडू पायात आला की मात्र हा पोरगा घाई करायचा नाही. जणू सगळी संध्याकाळ त्याच्या एकट्याच्या मालकीची! मला तो 'अदा' म्हणायचा. म्हणजे त्यांच्यात भाऊ. आमची जरा मैत्रीच झाली होती. जरा म्हणतोय, कारण मी कुणाशी पुरती मैत्री करत नव्हतो. कॅम्पवाल्यांपासून जपून राहा, असं घरी रोज कानावर पडायचं.

बापूंना ताहिल फार आवडला. त्यांनी त्याला शब्द दिला होता की कारखान्यात जागा निघते आहे, साहेबांशी बोललोय, या ढालीच्या, म्हणजे शील्डच्या, मॅचनंतर तुला आत घेतो. कॅम्पातल्या पोराला तेव्हा अशी ओळख मिळणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? त्याच्या आईने बापूंच्या घरी गोड भात पाठवला होता. आणि एकदा आत आला की ताहिल आमच्या वालधुनीकडून खेळणार, मध्यावर, सेंटर हाफ. सेंटर हाफ कोण होतं तेव्हा? मी. बापूंनी हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "वा, छान!" आणि घरी येऊन जेवलो नाही.

हं. आता ढालीच्या मॅचचं, मी आजवर सगळ्यांना जे सांगत आलो ते आधी ऐका. ते असं: वालधुनी विरुद्ध कॅम्प. मैदान चालायला आमच्याकडून मी, त्यांच्याकडून ताहिल. सगळं चाललो. मॅच सुरू झाली, आमचा एक गोल झाला, त्यांचा जीव खाली-वर होऊ लागला. धर्मा उजवीकडून सुटला, बाभळीकडच्या कोपऱ्यावर पोचला, आणि खाली कोसळला. तळपायात काच. हिरवी, जाड, सोड्याच्या बाटलीची. कॅम्पवाल्यांनी टाकली. धर्माचा पाय कायमचा गेला, संघ मोडला. कॅम्पवाल्यांनी दगा दिला नसता तर आज अंबरनाथचं नाव कुठे असतं! — इथे मी थांबतो. ऐकणारा मान हलवतो, हळहळतो. चहा मागवतो.

बरं वाटतं हो ऐकायला. सांगायलाही बरं वाटतं. त्यात माझं कुठे काय चुकलंय?

आता दुसरं ऐका.

त्या मॅचला माझ्याकडे बूट होते. खरे फुटबॉलचे, खाली कातड्याच्या गुंड्या ठोकलेले. माझा मामा मुंबईला गोदीत होता, त्याने बोटीवरच्या कुणा खलाशाकडून जुने मिळवले. मापाला मोठे होते, पुढे कापूस कोंबला. एरंडेल लावून लावून मी ते असे चमकवले की आई म्हणाली, देवाची समई कधी घासली नाहीस रे मेल्या! सगळ्या वालधुनीत बूट असलेला मी पहिला. त्या दिवशी मैदानाच्या कडेला साहेबलोकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. बायका-मुली आल्या होत्या. मी त्या खुर्च्यांच्या समोर बसून, सावकाश, सगळ्यांना दिसेल असे बूट चढवले. आणि नेमकं तेव्हाच बापूंनी हाक मारली, वसंता, चल, मैदान चालून ये.

रीत अनवाणी चालायची. बूट काढायला हवे होते. काढले नाहीत. ताहिलने माझ्या पायांकडे बघितलं आणि हसला. "अदा, बूट पहनके काँटा कैसे मिलेगा?" मी म्हणालो, तू आहेस ना अनवाणी, मी डोळ्यांनी बघतो. बापूंनीही बघितलं. बोलले काहीच नाहीत. फोरमनच्या मुलाला कोण बोलणार?

खांद्यावर हात टाकून निघालो. माळ वाळून टणक झालेला. गुंड्या टोचत होत्या, टाच आत सरकत होती. एक लांब बाजू झाली, गोलामागून आडवे गेलो, तोवर टाच सोलवटली. पाऊल टेकवलं की कळ डोक्यात. मला लंगडायचं नव्हतं. त्या खुर्च्यांसमोर, त्या नव्या बुटांत, लंगडत यायचं? छे! दुसरी बाजूही कशीबशी उरकली, बाभळीकडचा कोपरा तेवढा राहिला होता. ताहिल तिकडे वळला. "वो कोना बाकी है, अदा."

मी म्हणालो, राहू दे, तिकडे काय असतंय, शिट्टी होईल. तो म्हणाला, सब चलना पडता है. आणि त्याने पाऊल टाकलं. मी त्याच्या खांद्यावरच्या हातानेच त्याला ओढलं. जोरात ओढलं, तो हेलपाटला. माझ्याकडे त्याने असं बघितलं — राग नव्हता त्यात, नुसता गोंधळ. पण आमचं मैदान, आमची ढाल, आणि मी त्या कारखान्यातला जिथे त्याला नोकरी हवी होती. आला बिचारा माझ्याबरोबर. मध्यावर येऊन बापूंना मी म्हणालो, "सगळं चाललो." ताहिल गप्प उभा राहिला. त्यानेही म्हणायचं असतं, पण माझा आवाज ऐकून शिट्टी वाजलीसुद्धा.

एवढ्यावर निभावलं असतं, तर याला चूक म्हणता आली असती. होतात चुका. तरण्या पोराची मिजास, टाचेचा फोड. आजवर मी स्वतःशी तेवढंच कबूल करत आलोय — आणि इथेच थांबायचो. तुमच्यापाशीही थांबणार होतो. पण तुम्ही गप्प आहात, आणि गप्प माणसाचा मला फार संशय येतो. वाटतं, याला पुढचं कळलंय.

धर्मा पडला तेव्हा सगळ्यांत आधी मी पोचलो. सेंटर हाफ ना मी, जवळच होतो. काच पायातून मीच उपसली. रक्ताची धार लागली होती, धर्मा दात आवळून आईला हाका मारत होता. ती काच मी हातात घेऊन बघितली. एका अंगाला रक्त, आणि दुसऱ्या अंगाला वाळलेल्या चिखलाचा थर. त्यात गवताची बारीक मुळं रुतलेली. हिरवट शेवाळ चढलेलं. म्हणजे काय? म्हणजे ती काच तिथे निदान एका पावसाळ्याची होती. कुणी त्या दिवशी टाकलेली नव्हती. हे मला कळलं. तिथल्या तिथे कळलं. आणि मी काय केलं? लोक गोळा व्हायच्या आत ती काच नाल्यात भिरकावली. बापू धावत आले, "काय होतं रे?" मी म्हणालो, सोड्याच्या बाटलीची काच.

सोड्याची बाटली म्हणजे कोण, हे पोरासोरांनाही माहीत होतं.

धर्माला कारखान्याच्या ट्रकमधून कल्याणला न्यायला उचललं. आणि मग सगळा जमाव वळला. बापूंनी माझ्यासमोर येऊन विचारलं. मला त्यांचा चेहरा आज दिसतो, त्यांना माझ्या तोंडून खरंच जाणून घ्यायचं होतं. "वसंता, तुम्ही दोघं सगळं मैदान चालला होतात ना? तो कोपरासुद्धा?"

ताहिल माझ्याकडे बघत होता. तो घाबरला नव्हता, हे मला सांगायचंय तुम्हाला. एवढी माणसं अंगावर आलेली, आणि तो निवांत उभा. का? कारण त्याला वाटत होतं, अदा सांगेल. अदाला माहीत आहे, आपण तर तिकडे जातच होतो. एवढं एक वाक्य मी बोललो की संपलं.

मी म्हणालो, "मी चाललो. तो कोपऱ्यापाशी जरा मागे राहिला होता. खांद्यावरचा हात काढून."

खांद्यावरचा हात काढून! ही पुस्ती मला कुणी सांगितली होती? कुणी विचारलं होतं? पहिल्या वाक्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्या हाताशिवाय आरोप पुरा होत नव्हता, हे मला माहीत होतं ना. रीतच ती. हात काढला म्हणजे काहीतरी टाकलं.

पुढचं बघायला मी थांबलो नाही. बुटांच्या नाड्या सोडत खाली बसलो. बापूंनीच पहिली थोबाडीत मारली, असं म्हणतात. मी आवाज ऐकला. मग दगड, शिव्या, कॅम्पची पोरं वालधुनी नदीच्या पात्रातून पळाली. ताहिल ओरडत होता — "अदा, बोल ना! बोल ना, अदा!" लोकांना वाटलं, सिंधीत कुणाला तरी हाका मारतोय.

त्याची नोकरी गेली, हे वेगळं सांगायला नको. मिळायच्या आधीच गेली. कॅम्पच्या संघानेही त्याला काढलं. त्यांना वाटलं, याने खरंच काच टाकली आणि सगळ्यांना मार खायला लावला. दोन्हीकडून गेला. आणि माझी जागा? राहिली. सेंटर हाफ मीच. मला ती जागा हवी म्हणून मी बोललो का? देवाशप्पथ, त्या क्षणी ते डोक्यात नव्हतं. पण माझ्या शप्पथेवर तुम्ही विश्वास ठेवाल? मी तर नाही ठेवत.

जागा राहिली, पण संघ कुठे राहिला? खांद्यावर हात टाकून चालायची रीत त्या दिवशी मेली. पुढच्या मॅचला दोन्ही संघांची माणसं वेगवेगळी चालली, हातात काठ्या घेऊन. कुळगाववाले आमच्या हातचं पाणी पिईनात. आम्ही त्यांचा चेंडू घेईना. मैदानात येणाऱ्या गाड्यांची झडती घ्यायची, पोरांचे खिसे तपासायचे — खेळायला वेळच उरेना. त्यात सगळ्यांत जास्त संशय कोण घ्यायचा, ओळखा पाहू? मी! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. प्रत्येकाच्या हाताकडे मी बघायचो. बापू मला म्हणायचे, तुझी नजर तेज आहे रे. दोनेक हिवाळे गेले आणि नीळ लावलेल्या बनियनी पेटीत पडल्या त्या पडल्याच.

धर्माचा पाय पिकला, चिघळला, भरून आला तोवर बोटं आखडली होती. पळणं संपलं. चिखलात उभं राहून भात लावणंही संपलं. मी वडिलांच्या मागे लागून त्याला कारखान्याच्या गेटवर लावलं. सगळे म्हणाले, मित्र असावा तर वसंतासारखा. मीही म्हणालो. रोज कामावर जाताना तो गेटवर उभा. मी "काय धर्मा!" म्हणायचो, तो मान हलवायचा. बोलायचा नाही फारसं. मला वाटायचं, पायाचं दुःख असेल.

मग एका महाशिवरात्रीला आम्ही दोघं देवळात गेलो. जत्रा भरलेली, पाय ठेवायला जागा नाही. चपला बाहेर काढल्या. धर्माला अनवाणी त्या दगडांवर चालता येईना, मी त्याला हात द्यायला पुढे झालो, एवढ्यात गर्दीतून ताहिल आला. आईला घेऊन आला होता. पहिल्यापेक्षा जाड झालेला, मिशी ठेवलेली. तो धर्मापाशी थांबला, त्याचा हात उचलून आपल्या खांद्यावर घेतला, आपला त्याच्या खांद्यावर टाकला, आणि दोघं खाली गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरले. अगदी तसेच. मी मागे, ताहिलच्या म्हातारीजवळ उभा. तिने मला ओळखलं नाही, माझ्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं.

वर आल्यावर ताहिल माझ्याशी एकच वाक्य बोलला. माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "आज बूट नहीं है, अदा?" आणि आईला घेऊन गेला.

माझा चेहरा उतरला असणार. मी धर्माला विचारलं, हा तुला भेटतो की काय? धर्मा म्हणाला, "येतो. मना दवाखान्यात बघाया पयला तोच आलता."

मी म्हणालो, काय सांगितलं त्याने तुला?

"त्यानं कनाला सांगावं? मी बगलं व्हतं ना. गोलाच्या या टोकाला उभा व्हतो मी. तो कोपऱ्यात जात व्हता, तू त्याला वढलास. माज्या डोल्यांनी बगलं."

आणि मग? मग इतके दिवस गप्प का बसलास, असं मी त्याला विचारलं. ऐकताय ना — मी, त्याला! धर्मा देवळाच्या कठड्याला टेकून तळव्याला लागलेले खडे झाडत होता. म्हणाला, "दवाखान्यातनं आलो तवा बोलनार व्हतो. तर तुज्या बापानं गेटवर लावला. आता तुमचा घास हाय माज्या तोंडात, त्या तोंडानं कसा बोलू? मना वाटला, तूच बोलशील. मी वाट बगत व्हतो." मग म्हणाला, "बापू हाय अजून. जा, सांग त्याला. माज्यासाठी नको, त्या पोरासाठी सांग."

मी म्हणालो, सांगतो. उद्याच सांगतो.

बापू त्यानंतर बरीच वर्षं जगले. दर रविवारी मी त्यांच्याकडे जायचो, आम्ही चहा प्यायचो, संघाच्या आठवणी काढायचो. तो कोपरा आला की बापू म्हणायचे, "त्या कॅम्पवाल्यानं घात केला बघ." आणि मी म्हणायचो, "हो ना, बापू." धर्मा गेटवर निवृत्त झाला. शेवटपर्यंत मला बघून नुसती मान हलवायचा. त्याच्या तेराव्याला ताहिल आला होता, पार लांब मागे बसला. तिथे कुणीतरी कौतुकाने मला सांगायला लावलं, वसंतराव, ती ढालीची मॅच सांगा. धर्माचीच आठवण ना ती! आणि मी सांगितली. ताहिलच्या समोर. पाठ होती तशीच. हात काढल्याचंसुद्धा सांगितलं. तो ऐकत बसला, मग उठला आणि चपला घालून गेला. पुढच्या वर्षी तोही गेल्याचं कळलं.

बापू गेले, धर्मा गेला, ताहिल गेला. आता कुणाला सांगितलं तरी माझं काही बिघडत नाही, म्हणून सांगतोय, हेही तुमच्या लक्षात आलं असेलच. त्या माळावर चाळी उठल्या. बाभूळ गेली.

बापूंनी विचारलं होतं, तो कोपरासुद्धा चाललात ना. त्याचं उत्तर असं: नाही, बापू. तो कोपरा आम्ही चाललो नाही. ताहिल चालत होता. मी त्याला ओढून आणलं.